डाव्या सीटवरचं पोतं

...नाही, मला एक सांगा, गाडी थरथरते म्हणून गाडी तपासली, यात माझं काय चुकलं? तुम्हीच सांगा. दात दुखला की आपण दात बघतो ना, का गुडघा बघतो? पण आमच्या घरी मी बॉनेट उघडलं, की जणू कुणाच्या पोटावर सुरी ठेवली अशी सगळ्यांची तोंडं. आई म्हणते, परत आल्यापासून त्या गाडीच्या मागे लागली आहेस, दोन घास तरी धड खा. बाबा म्हणतात, अगं, जुनी गाडी आहे, थोडी कुरकुर करणारच, तिला काय लग्नाला उभं करायचंय? आणि मिस्त्री... मिस्त्रीचं प्रकरण वेगळं आहे, ते येईलच पुढे.

आधी गाडी सांगते. म्हणजे आधी बाबाच सांगायला हवेत, कारण गाडी आणि बाबा ही दोन वेगळी माणसं आहेत, हे मला शाळेत जाईपर्यंत माहीत नव्हतं. बाबा गाडी चालवायला शिकवतात. ड्रायव्हिंग स्कूल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर इमारत वगैरे येत असेल, तर ती पुसून टाका. एक गाडी, एक बाबा, छपरावर एक पाटी. आमच्या भागात जो कोणी धड गाडी चालवतो, तो बाबांच्या शेजारी बसून घामाघूम झालेला आहे, आणि जो धड चालवत नाही, तो दुसरीकडे शिकला, असं बाबांचं ठाम मत.

आता या गाडीत एक गंमत असते. शिकणारा बसतो उजवीकडे, स्टिअरिंगपुढे. बाबा डावीकडे. आणि डावीकडेसुद्धा खाली दोन पेडलं असतात, एक क्लच, एक ब्रेक, आतून उजवीकडच्या पेडलांना जोडलेली. म्हणजे शिकणारा घाबरून भलतंच काही करायला लागला, की बाबा आपल्या बाजूने गाडी सावरणार. पण सावरायची वेळ येईपर्यंत पाय लावायचा नाही, हा बाबांचा नियम. पाय पेडलच्या वर, पेडलवर नाही. अधांतरी. समोरच्याला कळता कामा नये की आपण तयारीत आहोत, नाहीतर तो आयुष्यभर दुसऱ्याच्या पायावर गाडी चालवतो, असं म्हणायचे. वर्षानुवर्षं या माणसाने डावा पाय असा हवेत धरून संसार केला. करून बघा तुम्ही, एक सिग्नल सुटेपर्यंत तरी करून बघा!

आणि मी? मी लांब जाऊन शिकून आले. काय शिकले? थरथर. हसू नका, खरंच असा विषय असतो. पूल वाऱ्यात का हलतात, पंख्याची पाती का कापतात, यंत्र कुठल्या ठेक्यात थरथरलं की त्याचं काय दुखतंय हे ओळखायचं कसं, त्याची पदवी असते, आणि ती माझ्याकडे आहे. तिकडे नोकरी मिळत होती, घेतली नाही. का? कारण माझ्या डोक्यात एक खूळ होतं. अजूनही आहे, पण तेव्हा फार जोरात होतं. मला वाटायचं, आपली माणसं हुशार आहेत, हात सोन्यासारखे आहेत, फक्त मुळाशी जायची सवय नाही. छत गळतं? खाली बादली ठेवा. खुर्ची डुगडुगते? पायाखाली कागदाची घडी सारा. चालतंय ना, चालू दे! मी विमानात बसून ठरवत होते, की आता बादल्या आणि कागदाच्या घड्या हद्दपार. आता कारण शोधायचं. आणि कारण शोधायची एकच रीत असते, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. काय बदललं की काय थांबलं, ते बघायचं. बस. एवढ्यावर अख्खं विज्ञान उभं आहे.

तर मी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबा म्हणाले, चल, चालव, बघू विसरलीस का ते. मी उजवीकडे, बाबा डावीकडे. चौकातून वळले, रस्ता मोकळा दिसला, जरा रेस दिली... आणि गाडी थरथरायला लागली! धडधड नाही, धक्का नाही, थंडीत उभं राहिलेलं माणूस कसं आतल्या आत कुडकुडतं, तशी. आवाज नाही, वास नाही, वेग स्थिर केला की बंद. पुन्हा रेस दिली, पुन्हा चालू. बाबा म्हणाले, क्लच हळू सोड गं, तिकडे जाऊन सगळं विसरलीस. मी! क्लच! ज्या मुलीला यांनी चढावर हॅन्डब्रेकशिवाय गाडी थोपवून धरायला शिकवलं, ती मी! मी म्हटलं, बाबा, माझा पाय क्लचवर नाहीच आहे. तर म्हणाले, मग गाडी जुनी आहे.

विषय संपला? माझ्यासारखीचा विषय असा संपतो होय!

गेले मिस्त्रीकडे. मिस्त्री म्हणजे बाबांचा जुना दोस्त, या गाडीचा प्रत्येक नट त्याला ओळखतो. त्याने एकट्याने एक फेरी मारली. येऊन म्हणाला, ताई, लोण्यासारखी चालतेय. मी म्हटलं, थरथरते. तो म्हणाला, नाही थरथरत. मग आम्ही दोघं बसून गेलो, मी चालवते, तो मागे... नाही थरथरली! मला इतका राग आला म्हणून सांगू, भर वर्गात आपलं पोर नेमकं कविता विसरतं ना, तसं झालं. पण मिस्त्री भला माणूस. म्हणाला, तुमचं समाधान होत नसेल तर एकदाच खोलतो, प्लग, इंजिनाची माउंटिंगं, क्लच प्लेट, सगळं एका दमात नवीन टाकतो, कटकटच नको. मी अशी उसळले... म्हटलं, अहो काका, सगळं एकदम बदललं तर कशामुळे थांबली हे कळणार कसं? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तो म्हणाला, थांबल्याशी मतलब ना? बघा! बघा, हीच ती बादली!

तर आधी प्लग बदलले. थरथर तशीच. मग माउंटिंगं, म्हणजे इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसतं ते. इंजिन सुखात, थरथर तशीच. मग क्लच प्लेट. त्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये खोललेली, बाबा बाहेर बाकावर बसलेले, एक पाय दुसऱ्या पायावर घट्ट आवळून, आणि तोंडाने, अगं सोड ना, मी म्हणतोय ना काही नाही म्हणून. मला वाटलं, बाबांना गाडीची माया येतेय. आई गं... मला काय काय वाटलं!

आता यात बेकरीवाल्यांना आणते, त्यांच्यावाचून गोष्ट पुढे जात नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बेकरी आहे, तिचे मालक, पन्नाशीचे, अगडबंब, आवाज मात्र चिमणीचा. बायको गाडी शिकली, मुलगी शिकली, आता घरातून फक्त हेच पायी येतात-जातात, म्हणून ईर्षेने बाबांकडे आले. आणि त्यांनी रेस दिली की गाडी थरथरायची. रोज. बाबा म्हणायचे, शेठ, क्लचवर पाय अर्धवट ठेवताय, पूर्ण काढा. ते म्हणायचे, काढलाय हो सर. बाबा म्हणायचे, काढला असता तर ही अशी नाचली असती का? आणि तो एवढा मोठा माणूस आपल्या पायाकडे असा बघायचा, की जणू तो पाय त्याचा नाहीच, कुणीतरी पाव घेताना विसरून गेलंय. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, ताई, मी सोडून देतो, माझ्या पायात अक्कल नाही. अहो, माझं काळीज तुटलं! म्हटलं, शेठ, दोष तुमचा नाही, यंत्राचा आहे, आणि मी तो सिद्ध करून दाखवणार आहे. एखाद्या निरपराध माणसाचा खटला घेतल्यासारखी भिनली होती माझ्या अंगात ती गाडी.

मग मी फोन गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवला. फोनला थरथर मोजता येते. आणि पहिल्यांदा मला काहीतरी चमत्कारिक दिसलं. हे लक्ष देऊन ऐका, कारण यातच सगळं आहे. इंजिनाची थरथर असेल ना, तर इंजिन जोरात फिरलं की ठेका वाढतो. चाकाची असेल, तर चाकाबरोबर वाढतो. ही कशाबरोबरच वाढेना. पहिल्या गिअरमध्ये जो ठेका, तोच दुसऱ्यात, तोच तिसऱ्यात. आपल्याच तालात, शांतपणे. मी रात्रंदिवस विचार करतेय, गाडीत असा भाग कुठला, ज्याला वेगाशी काही देणंघेणंच नाही? मी माझ्या तिकडच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, असा भाग गाडीत नसतो. आता तिकडचे सर म्हणाले म्हटल्यावर मला आणखीच चेव आला. म्हटलं, आमच्या गाडीत आहे!

मग मी सगळं आठवून बघितलं. मिस्त्री एकटा, थरथर नाही. मी आणि मागे मिस्त्री, नाही. बाबा स्वतः उजवीकडे बसून चालवतात, नाही. मी आणि डावीकडे बाबा, आहे. बेकरीवाले आणि डावीकडे बाबा, आहे. आता तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्ही तिऱ्हाईत आहात, तुमच्या येणारच. मला काय सुचलं माहितेय? वजन! डाव्या सीटवर वजन आलं की खाली काहीतरी दबतंय, आणि थरथरतंय. मी आनंदाने टाळी वाजवली. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची ना? मग फक्त बाबा काढायचे, वजन तेवढंच ठेवायचं.

बेकरीवाल्यांनी आपल्या हाताने मैद्याचं पोतं आणलं. बाबांच्या वजनाचं, वर थोडा रवा टाकून बरोबर जमवलेलं. ते डाव्या सीटवर बसवलं, पट्टा बांधला. बाबा फुटपाथवर उभे. म्हणाले, माझ्यापेक्षा कमी बोलतंय, ठेवून घ्या. आम्ही सगळे हसलो. बाबा नाही हसले, पण मला वाटलं, विनोद करणाऱ्याने हसायचं नसतं म्हणून. मी मागे बसले, बेकरीवाल्यांनी सवयीने पोत्याला विचारलं, निघू का सर? आणि निघाले. पहिला गिअर, दुसरा, रेस... गाडी अशी गेली, अशी गेली, की त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी. सगळा मोकळा रस्ता फिरून आलो, जराही थरथर नाही. ते म्हणाले, ताई, म्हणजे मी सरांना घाबरतो म्हणून होत असणार. मी म्हटलं, मी नाही घाबरत बाबांना, तरी होतं.

आणि हे बोलता बोलता मी त्या पोत्याकडे बघत होते. पाठमोरं, गुबगुबीत, पट्ट्यात बसलेलं. वजन बाबांचंच. जागा बाबांचीच. मग बाबांकडे असं काय आहे, जे पोत्याकडे नाही?

पाय.

...या वेळी टाळी नाही वाजवली हो. आम्ही परत आलो, पोतं उतरवलं, मी म्हटलं, बाबा, एकदा तुम्ही बसा. ते म्हणाले, आता कशाला, झालं ना तुझं? मी म्हटलं, एकदाच. बसले. मी मागच्या सीटच्या मधोमध, पुढे वाकून. बेकरीवाल्यांनी रेस दिली, गाडी थरथरली, आणि मी दोन सीटांच्या मधून खाली बघितलं. पाय पेडलच्या वर नव्हता. पेडलवर होता. दाबून धरलेला, टाच रोवून, पोटरीचा गोळा वर आलेला. आणि तरी हलत होता. त्याच ठेक्यात. मोजायला फोन लागलाच नाही.

तेवढासा दाब, क्लच जरा सुटतो, जरा धरतो, जरा सुटतो, जरा धरतो. इंजिन जोर लावतं तेव्हाच जाणवणार. आणि शिकणारा रेस देतो तेव्हाच बाबा सावध होऊन पाय पुढे नेणार. सगळं जुळलं. इतकं सुरेख जुळलं, की परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते. मला मात्र वाटत होतं, चुकावं. कुठेतरी गणित चुकावं. इंजिन फुटावं, काहीही व्हावं!

मी हळूच म्हटलं, "बाबा, पाय जरा मागे घ्या."

बाबांनी घेतला. थरथर थांबली. बेकरीवाले चिमणीच्या आवाजात ओरडले, गेली, गेली, सर, बघा, जमलं मला! बाबांच्या बाजूला एक जादा आरसा असतो, मागचं बघायला. त्यात ते मला दिसले आणि मी त्यांना. मी काय काय शिकून आले होते, पण त्या आरशात बघून करायचं काय, ते कुठे शिकले होते?

बाबांनी गाडी कडेला घ्यायला लावली. मग शेठकडे वळून म्हणाले, "तुमचा पाय पहिल्या दिवसापासून चांगला आहे. थरथर माझी होती. मी तुम्हाला उगाच बोललो."

बेकरीवाल्यांनी गाडी पुन्हा सुरू केली, म्हणाले, सर, आज मी सोडतो तुम्हाला घरी. आणि इतकी जपून चालवली, इतकी जपून, जणू शेजारी अजून मैद्याचं पोतं आहे आणि ते फुटेल.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात आईच्या मागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, आई, बाबांचा पाय... ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, हातही. आणि मग सांगायला लागली, भांडी पुसता पुसता. आधी म्हणे चहा सांडायचा, तर तिने कप अर्धा भरायला सुरुवात केली. मग बुटाच्या नाड्या जमेनात, तर बिननाडीचे बूट आणले, म्हणाली दुकानात तेवढेच होते. मग शर्टाची खालची बटणं आधीच लावून ठेवायची, नुसता डोक्यातून घालता येईल असा. मग पेपर टेबलावर पसरून ठेवायचा, हातात धरायला लागू नये म्हणून. काही म्हणून एकदम केलं नाही. एक बदलायचं, त्यांना सवय होऊ द्यायची, मग दुसरं. मी दाराला टेकून ऐकत होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बरं का. मी विमानाने जाऊन शिकून आले आणि आमची आई ओट्यापाशी तेच करत होती. फक्त मी करत होते शोधायला. ती करत होती, कुणाला सापडू नये म्हणून.

मी रागावले, रडले, म्हटलं डॉक्टरकडे का नाही नेलंस? ती म्हणाली, ते तयार नव्हते. डॉक्टर म्हणाले असते, शिकवणं बंद करा, तर मग या माणसाने सकाळी उठायचं कशासाठी?



रात्री बाबा स्वतःच बोलले. म्हणाले, "हलायला लागला की मी दाबून धरायचो. दाबला की थांबायचा. मला वाटायचं, थांबला." बिचाऱ्यांना कुणाला दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून पाय पेडलावर टेकवला, आणि अख्खी गाडी बोंबलून सांगायला लागली! आणि मी... मी तिची माउंटिंगं बदलत होते.

डॉक्टरकडे गेलो. आता मीच नेते. डॉक्टरांनी बाबांना चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली, नाव लिहायला लावलं, ते नाव इतकं बारीक आलं कागदावर, मुंगीसारखं. म्हणाले, गोळ्या आहेत, बरं वाटेल, थरथर कमी होईल. मी विचारलं, आणि कारण? मुळाशी काय आहे? फार सभ्य माणूस, चष्मा पुसत म्हणाले, मेंदूतल्या पेशी झिजतात. का झिजतात, ते अजून नक्की कुणाला माहीत नाही. आपण त्रास कमी करायचा. म्हणजे... छत गळतंय, आणि खाली ठेवायला बादली आहे, ही केवढी मोठी गोष्ट म्हणायची. मी त्यांना धन्यवाद देऊन आले हो. मनापासून.

परत येताना मी चालवत होते. बाबा डावीकडे, दोन्ही पाय पेडलांपासून लांब, सीटखाली ओढून घेतलेले, शिक्षा झालेल्या मुलासारखे. रस्ता मोकळा होता, मी रेस दिली, गाडी गुळगुळीत. थोड्या वेळाने म्हणाले, "निदान मात्र अगदी बरोबर केलंस. दुरुस्तीसुद्धा तिकडेच शिकवतात का गं?" मी म्हटलं, नाही बाबा. म्हणाले, असू दे, एवढ्या लांब एका खेपेत सगळं कुठे शिकून होतं.

आता डावीकडे मी बसते. हो, मीच शिकवते, रीतसर परवानगी काढली. पाय पेडलच्या वर, पेडलवर नाही. फार दुखतो हो, तुम्हाला सांगते. बाबा मागे बसतात आणि मला सूचना करतात. बेकरीवाले परीक्षा पास झाले, आता बायकोला शेजारी बसवून उगाचच फिरत असतात. कुणी विचारतं, काय गं, एवढी शिकून आलीस, करतेस काय? काय सांगू!

परवा मिस्त्री भेटला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. म्हणाला, ताई, शेवटी काय निघालं गाडीत? मी म्हटलं, काका, गाडीत काहीच नव्हतं. तो इतका खूश झाला, बॉनेटवर प्रेमाने थाप मारली आणि म्हणाला, तरी मी सांगत होतो, हिची काळजी करू नका. कितीही जुनी होऊ दे, हिचे सगळे पार्ट मिळतात.